शंभरपटीचं खूळ

क्वेरी हळू चालते आहे असं मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की खोलीतल्या सगळ्यांत हुशार मुलाचे डोळे चमकतात. असा मुलगा प्रत्येक टीममध्ये एक असतोच. तो म्हणतो, "सर, हे फंक्शन सीमध्ये लिहू आणि थेट डेटाबेसमध्ये बसवू. शंभरपट फास्ट होईल." सर खूश होतात. कॉलेजात विषय राहिल्यापासून सरांना सी भाषेबद्दल विलक्षण आदर आहे. शंभरपट हा आकडा स्लाइडवर चढतो, स्लाइड क्लायंटकडे जाते, आणि मूळ क्वेरी नेमकं काय मागते आहे हे बघायचं तेवढं राहून जातं.

मुलगा खोटं बोलत नाही, हे आधीच मान्य करून टाकू. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये स्वतःचं फंक्शन लिहिण्याची सोपी वाट म्हणजे पीएल/पीजीएसक्यूएल. ती भाषा इंटरप्रीट होते, म्हणजे एकेक विधान घ्यायचं, त्याचा अर्थ लावायचा, चालवायचं, आणि पुढच्या नोंदीसाठी पुन्हा पहिल्यापासून. टेबलात पन्नास लाख नोंदी असतील तर हा उपद्व्याप पन्नास लाख वेळा. तेच फंक्शन सीमध्ये लिहून कंपाइल केलं की अर्थ लावण्याचा कारभार संपतो आणि प्रोसेसरला थेट त्याला कळणाऱ्या सूचना मिळतात. तयार झालेली 'डॉट एसओ' फाइल डेटाबेस उघडतो आणि आपल्याच प्रोसेसमध्ये चालवतो. आकडेमोड भरपूर असेल तर शंभरपट फरक पडूही शकतो. फक्त विचारायचं एवढंच, की शंभरपट कशाच्या?

समजा क्वेरीला दहा सेकंद लागतात. त्यातले नऊ डिस्कवरून पानं उचलण्यात जातात आणि एक तुमच्या फंक्शनमध्ये. फंक्शन शंभरपट वेगवान केलं. आता क्वेरीला लागतात ९.०१ सेकंद. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली समांतर चालणाऱ्या संगणकांबद्दल जो युक्तिवाद केला, त्याच्या मुळाशी हेच गणित आहे: ज्या भागाला हात लावला नाही, तो जसाच्या तसा उरतो. चौथीतलं पोर हे गणित करेल. पण अप्रेझलच्या फॉर्मवर 'फंक्शनचा वेग शंभरपट वाढवला' हे वाक्य शोभतं, 'युजरला एक सेकंद कमी थांबावं लागलं' हे शोभत नाही. त्यामुळे चौथीतल्या पोराला अप्रेझल देत नाहीत.

वेळ कुठे जातो हे कळायला फार मोठी विद्या लागत नाही. क्वेरीच्या पुढे 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' एवढं लिहिलं की डेटाबेस स्वतःच स्वतःची चहाडी करतो. किती नोंदी चाळल्या, किती फेकून दिल्या, कुठे इंडेक्स वापरला, कुठे सगळं टेबल पालथं घातलं, सगळं बोलतो. आणि बहुतेक वेळा जे बाहेर येतं ते इतकं साधं असतं की लाज वाटावी. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स आहे, पण अटीत त्या कॉलमला एका फंक्शनमध्ये गुंडाळलंय, म्हणून इंडेक्स बसलाय हात चोळत. किंवा नाव शोधताना 'लाइक'पुढच्या मजकुराच्या सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह टाकलंय, म्हणजे सुरुवात कशानेही होऊ दे. साध्या इंडेक्सला सुरुवातच माहीत नसेल तर तो शोधणार कुठून? नाहीतर मग डेटाबेस बिचारा निर्दोष असतो आणि वरचं ॲप्लिकेशन आधी हजार ऑर्डरींची यादी मागतं, मग प्रत्येक ऑर्डरीचा ग्राहक कोण हे विचारायला हजार वेळा परत येतं. इथे सीमध्ये लिहायचं काय? मौनव्रत?

बरं, टक्केवाल्या शोधावर उपाय आहे आणि गंमत म्हणजे तो सीमध्येच लिहिलेला आहे. पीजी-ट्रायग्रॅम नावाचं एक्स्टेंशन शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडतं आणि त्या तुकड्यांचा इंडेक्स करतं. पोस्टग्रेसच्या सोबतच मिळतं. २०११च्या ९.१ आवृत्तीपासून 'क्रिएट एक्स्टेंशन' एवढं म्हटलं की बसतं. आमचा हुशार मुलगा जे चाक नव्याने घडवायला निघाला होता, ते कुणीतरी घडवून, तपासून, वंगण घालून आधीच ठेवलेलं असतं. पण तयार वस्तू वापरली तर श्रेय कुणाचं?

याहून स्वस्त युक्ती सांगतो. पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये दहा ओळींत लिहिलेलं फंक्शन पुष्कळदा साध्या एसक्यूएलच्या एका 'सिलेक्ट'मध्ये बसतं. तसं लिहिलं की प्लॅनर ते फंक्शन उलगडून मूळ क्वेरीतच मिसळून टाकतो. फंक्शन बोलावण्याचा खर्चच उरत नाही. कंपाइलर नको, मेकफाइल नको, सर्व्हरवर फाइल टाकायची परवानगी नको. हे सांगितलं की मुलाचा चेहरा पडतो. कारण यात सी नाही.

एवढं टोचल्यावर आता मुलाची बाजू घेतो, कारण त्याची बाजू घेणारा माणूस त्याच्याहून पुष्कळ मोठा आहे. मायकेल स्टोनब्रेकर. बर्कलीला यांनी आधी इन्ग्रेस नावाचा डेटाबेस बांधला, मग १९८६च्या सुमाराला त्याच्यानंतरचा म्हणून पोस्टग्रेस. २०१४चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेला एक किस्सा आहे. इन्ग्रेसमध्ये तारखांचा प्रकार आला. मोठ्या अभिमानाने, लीप वर्षासकट, खऱ्या कॅलेंडरबरहुकूम. तर एका गिऱ्हाइकाचा फोन आला की तुमची वजाबाकी चुकते. गिऱ्हाईक रोख्यांच्या धंद्यातलं. रोख्यावर दर महिन्याला सारखंच व्याज मिळतं, महिना अठ्ठावीस दिवसांचा असो की एकतीसचा. म्हणजे त्याच्या दुनियेत प्रत्येक महिना तीस दिवसांचा. १५ मार्चातून १५ फेब्रुवारी वजा केले की तीस दिवस यायला हवेत. इन्ग्रेस म्हणतो अठ्ठावीस. त्याला हवं होतं एवढंच, की वजाबाकीचं चिन्ह आमच्या पद्धतीने वागू दे. इन्ग्रेसमध्ये ते शक्य नव्हतं. मग सगळ्या नोंदी डेटाबेसच्या बाहेर काढायच्या आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये वजाबाकी करायची. एवढ्याशा वजाबाकीसाठी अख्खा डेटा गावभर फिरवायचा!

या फोनची कथा स्टोनब्रेकर आजही आवडीने सांगतात, आणि पोस्टग्रेसची सगळी मांडणी ज्या विचारावर उभी आहे तो त्यात पुरता दिसतो. डेटाबेस बांधणाऱ्याला जगातले सगळे धंदे माहीत असणं शक्य नाही. तेव्हा दार उघडं ठेवा. ज्याला आपला प्रकार, आपली क्रिया, आपला इंडेक्स हवा त्याने तो आत आणावा. ही खरी मोठी कल्पना होती आणि त्यात नम्रता होती. वेग नंतर आला, पाठोपाठ. काम डेटाजवळ नेलं की डेटाला कामाजवळ यावं लागत नाही. आमच्या मुलाने या कल्पनेतला वेग तेवढा उचलला. नम्रता मेकफाइलमध्ये कुठे टाकायची ते त्याला सापडलं नसावं.

कारण दार उघडलं की आत येणारा काय करेल याची हमी कुणी देत नाही. पोस्टग्रेसमध्ये सी ही 'अविश्वासू' भाषांच्या यादीत आहे. तिच्यात फंक्शन बनवायचा हक्क फक्त सुपरयुजरला. हा अपमान नाही, अनुभव आहे. सीमधलं फंक्शन डेटाबेसच्याच प्रोसेसमध्ये, त्याच्याच मेमरीत, त्याच्याच अधिकाराने चालतं. त्याने चुकीच्या पत्त्यावर हात टाकला की प्रोसेस कोसळते. आणि मग? मग पोस्टग्रेसचा मुख्य रखवालदार, पोस्टमास्टर, असं धरून चालतो की सामायिक मेमरी बिघडली असेल; तो बाकीच्या सगळ्या प्रोसेस बंद करतो, लॉग वाचून डागडुजी करतो आणि नव्याने दुकान उघडतो. एका खोलीत सिलिंडर फुटला की अख्खी चाळ रस्त्यावर. शेजारी पगाराची बिलं काढत असतील, कुणाचं पेमेंट अर्ध्यावर असेल, सगळ्यांना एकच निरोप येतो: दुसरी एक प्रोसेस कोसळली म्हणून तुमचं कनेक्शन तोडत आहोत.

आणि कोसळायला फार मोठं पाप लागत नाही. एक नल पुरतो. पोस्टग्रेसमध्ये फंक्शन बनवताना 'स्ट्रिक्ट' असं लिहिलं नाही, तर रिकामी, म्हणजे नल, किंमत आली तरी फंक्शनला बोलावलं जातं. सीमध्ये ती आधी तपासली नाही की पॉइंटर शून्याकडे बोट दाखवतो, आणि राम म्हणायचं. मुलाच्या लॅपटॉपवरच्या चाचणीत सगळ्या ग्राहकांना पत्ता होता. खऱ्या टेबलात कुणीतरी पत्ता न लिहिणारा एक गृहस्थ असतोच. त्या गृहस्थाने काहीही केलेलं नाही. त्याने खरोखरच काहीही केलेलं नाही, तीच अडचण.

दुसरा प्रकार मला याहून जास्त आवडतो. फंक्शन कोसळत नाही, नुसतंच फिरत राहतं. एखाद्या विचित्र नोंदीवर लूप संपत नाही. काही हरकत नाही, क्वेरी रद्द करू म्हणून कुणीतरी हुकूम सोडतो. क्वेरी हलत नाही. मग कनेक्शनच तोडायचा हुकूम. तरी नाही. कारण पोस्टग्रेसमध्ये 'थांब' हा निरोप म्हणजे फक्त एक खूण. चालणाऱ्या कोडने मधूनमधून ती खूण पाहिली तरच तो थांबतो. त्यासाठी लूपमध्ये एक ओळ लिहायची असते, 'चेक फॉर इंटरप्ट्स'. मुलाने ती लिहिलेली नसते, कारण तिने वेग कमी होईल अशी त्याला शंका होती. शेवटी कुणीतरी हताश होऊन 'किल मायनस नाइन' मारतो. प्रोसेस मरते. आणि पोस्टमास्टरच्या लेखी अशा तऱ्हेने मेलेली प्रोसेस म्हणजे कोसळलेलीच! पुन्हा चाळ रस्त्यावर. ज्याने आग विझवली त्याच्याच नावावर आग लागल्याची नोंद.

ओरॅकलने या बाबतीत जरा अंतर राखलं आहे. बाहेरचं सी फंक्शन तिथे 'एक्स्टप्रॉक' नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं. ते पडलं तर ते पडतं, डेटाबेस उभा राहतो. अर्थात प्रत्येक वेळी उंबरा ओलांडायचा म्हणजे वेळ गेला, आणि आपण तर वेळ वाचवायला निघालो होतो. एसक्यूलाइट तर मुळात तुमच्या प्रोग्रॅमच्या पोटातच राहतो. एका जीसीसीच्या ओळीत एक्स्टेंशन कंपाइल होतं, पण एसक्यूएलमधून ते आत घ्यायची सोय त्यांनी आपणहून बंद ठेवली आहे. उद्या कुणी वेबफॉर्ममधून दुष्ट एसक्यूएल घुसवलं तर त्याला थेट यंत्राच्या सूचना चालवण्याचं आमंत्रण कशाला? मायएसक्यूएलवर हल्ला करणाऱ्यांची ही जुनी चाल आहे: कशीबशी प्लगइनच्या फोल्डरमध्ये एक फाइल उतरवायची, तिच्यातून फंक्शन बनवायचं, आणि मग सिलेक्टच्या तोंडून सर्व्हरला आज्ञा द्यायच्या. त्यांच्या एक्स्टेंशनचा वेगही उत्तम असतो म्हणे.

समजा यातलं काहीच झालं नाही. मुलगा खरोखर हुशार, नल तपासले, खूण पाहिली, फंक्शन विजेसारखं चालतंय. तरी क्वेरी आधीपेक्षा हळू! हे कसं? पोस्टग्रेस ९.६ म्हणजे २०१६पासून एक क्वेरी अनेक प्रोसेसमध्ये वाटून चालवू शकतो. पण नवं फंक्शन बनवताना ते समांतर चालायला सुरक्षित आहे असं तुम्ही स्पष्ट लिहिलं नाही, तर तो ते असुरक्षित समजतो, आणि असं एक जरी फंक्शन क्वेरीत असलं तरी अख्ख्या क्वेरीची वाटणी रद्द. आधी पाच प्रोसेस मिळून काम करत होत्या. आता एकच करते, पण सीमध्ये. दोन शब्दांचं लेबल राहिलं म्हणून. हे लेबल कुठल्याही पुस्तकात सापडेल, पण पुस्तक उघडायला मुलाला वेळ कुठे आहे?

लेबल खोटं लावण्याची हौसही काही कमी नाही. फंक्शनवर इंडेक्स करायचा असेल तर ते 'इम्म्यूटेबल' आहे असं लिहून द्यावं लागतं, म्हणजे तेच दिलं की कायम तेच परत येईल. डेटाबेस ते तपासत नाही. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. पुढे फंक्शनमधली एक चूक सुधारून नवी डॉट एसओ फाइल बसवली की इंडेक्समध्ये जुनी उत्तरं आणि नव्या क्वेरीत नवी. नोंद टेबलात असते आणि शोधली तर सापडत नाही. रीइंडेक्स करायला हवं होतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. याला नवखेपणा म्हणून हसू नका. २०१८ साली लिनक्सच्या जीलिबसी या पायाभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम बदलला आणि ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केलेल्या कित्येक जागी पोस्टग्रेसचे मजकुरावरचे इंडेक्स असेच बिघडले. कायम राहील असं गृहीत धरलेला क्रम तिथे खालच्या खाली बदलला होता.

मराठी माणसाच्या हातात डेटाबेस आला की त्याला पहिल्यांदा ठेचकाळायला लावतात ती नावं. आडनाव कानाला सारखं पण लिहायला वेगळं, अशी नावं शोधायला पोस्टग्रेससोबत फझीस्ट्रमॅच नावाचं एक्स्टेंशन येतं, त्यात साउंडेक्स आहे. साउंडेक्सचं पेटंट १९१८चं, अमेरिकेतलं, इंग्रजी कानांसाठी. त्यात पहिलं अक्षर जसंच्या तसं राहतं. त्यामुळे 'वाघ' हे आडनाव रोमन लिपीत डब्ल्यूने लिहिलं की एक कोड, व्हीने लिहिलं की दुसरा. एकाच वाघाचे दोन वाघ. गोव्यात तर पोर्तुगीज वळणाने 'श'साठी एक्स लिहितात. तेव्हा म्हापशातले शिरोडकर आणि दादरचे शिरोडकर साउंडेक्सच्या लेखी एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. देवनागरीत तर बोलायलाच नको. यूटीएफ-८सारख्या एन्कोडिंगवर हे फंक्शन नीट चालत नाही असं पोस्टग्रेसच्या दस्तऐवजातच लिहून ठेवलंय.

शिवाय कऱ्हाड. हा अर्धा 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा नुक्ता असलेल्या ऱ ला हलंत जोडून. दुसरी साध्या र ला हलंत आणि त्यामागे एक न दिसणारा जोडक लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. डेटाबेसला दोन वेगळे शब्द. म्हणजे सातारा जिल्ह्यात दोन कऱ्हाडं, आणि एकाची खानेसुमारी दुसऱ्याला लागू नाही. २०२०च्या तेराव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये 'नॉर्मलाइझ' फंक्शन आलं, पण ते युनिकोडने एकच ठरवलेल्या रूपांपुरतं. या दोन तऱ्हा युनिकोडच्या मते एक नाहीतच, म्हणून नॉर्मलाइझ दोघांना नमस्कार करून पुढे जातं.

इथे हुशार मुलगा उठून उभा राहतो. "सर, हीच तर जागा!" मराठी नावाचा उच्चाराबरहुकूम एक सांकेतिक कोड बनवायचं फंक्शन. बाहेरचं कुणी देणार नाही, धंदा आपला, रोखेवाल्या गिऱ्हाइकासारखाच. निव्वळ अक्षरांची उलथापालथ, डिस्कशी संबंध नाही. सीला याहून चांगली जागा कुठली?

जागा चांगली आहे. पण घाई बघा. नाव तर बदलत नाही. एखाद्याचं बदललंच तर आयुष्यात एकदा-दोनदा. मग कोड दर क्वेरीला पन्नास लाख वेळा काढायचा कशाला? नोंद घालताना एकदाच काढा आणि शेजारच्या कॉलममध्ये ठेवून द्या. २०१९च्या बाराव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस असा कॉलम स्वतःच भरतो. त्यावर साधा इंडेक्स टाका. आता शोधताना फंक्शन चालतं एकदा, शोधलेल्या शब्दावर. ते पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये असू दे, पायथनमध्ये असू दे, की मुलाच्या आजोबांनी लिहिलेलं असू दे, कुणाला फरक कळणार नाही. पन्नास लाखांवरून एकावर आलो, ते सीशिवाय.

मग सीची खरी गरज कधी? उत्तराचा अर्धा भाग प्रश्नाबरोबरच येतो तेव्हा. दोन नावांत किती अक्षरांचा फरक आहे हे आधी मोजून ठेवता येत नाही, कारण दुसरं नाव आत्ता कुणीतरी टाइप केलंय. ही रस्त्याची रेघ या शेताच्या कुठल्या कोपऱ्याला छेदते, हेही तसंच; उद्या कुठला रस्ता येईल हे शेताला माहीत नसतं. अशी जोडीजोडीची मोजणी टाळता येत नाही, साठवता येत नाही, ती त्या क्षणीच करावी लागते. तिथे कंपाइल केलेलं कोड आपलं अन्न कमावतं. पोस्टजीआयएस हे त्याचं मानाचं उदाहरण. कॅनडातल्या व्हिक्टोरियाच्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च या कंपनीने २००१मध्ये बाहेर काढलं. आज जमिनीचे तुकडे, नद्या, बसथांबे घेऊन पोस्टग्रेसपाशी बसणारा जवळजवळ प्रत्येक जण ते वापरतो. २०२१ला पीजीव्हेक्टर आलं. सध्याच्या एआयच्या जत्रेत प्रत्येक वाक्याची शेकडो आकड्यांची एक रांग होते, आणि दोन रांगांमधलं अंतर मोजायचं असतं. ते सीमध्येच लिहावं लागणार.

पण तिथेही चटका आहे. पोस्टजीआयएस आधी इंडेक्समधल्या ढोबळ चौकटी ताडून पाहतं आणि ज्यांची शक्यताच नाही त्या शेतांना हात लावत नाही. पीजीव्हेक्टरमध्ये २०२३च्या ०.५.० आवृत्तीत एचएनएसडब्ल्यू नावाचा इंडेक्स आला. तो सगळी अंतरं मोजतच नाही, थोडीच मोजतो आणि 'जवळपास बरोबर' उत्तर देतो. सीमध्ये सगळ्यांत पक्के बसलेले लोकसुद्धा मोजायचं कसं यापेक्षा किती मोजायचं नाही याचीच काळजी जास्त घेतात.

एवढी कंपाइलची हौस आहे तर डेटाबेसने स्वतःच का करू नये, असं तुम्ही विचाराल. केलंय. आयबीएमच्या सिस्टिम आरने सत्तरच्या दशकातच एसक्यूएलचं थेट मशीन कोड बनवून दाखवलं होतं. म्युनिकच्या थॉमस नॉयमान यांनी २०११मध्ये हायपर नावाच्या डेटाबेससाठी तीच कल्पना एलएलव्हीएम ही कंपाइलरची चौकट वापरून नव्याने उभी केली. पोस्टग्रेसने २०१८च्या अकराव्या आवृत्तीत जिट, म्हणजे क्वेरी चालताना आयत्या वेळी कंपाइल करणं, आणलं, पुढच्या वर्षी ते आपोआप चालू ठेवलं. क्वेरीचा अंदाजे खर्च १,००,०००च्या वर गेला की तो एक्स्प्रेशन कंपाइल करायला बसतो. तो अंदाज चुकला की कधी कधी कंपाइल करण्यातच क्वेरीपेक्षा जास्त वेळ जातो. बरं, एकदा केलेलं जपून ठेवत नाही, तीच क्वेरी पुन्हा आली की पुन्हा कंपाइल. समांतर चालणाऱ्या प्रोसेस प्रत्येकी आपापलं वेगळं करतात. म्हणून कित्येक अनुभवी मंडळी नवा सर्व्हर हातात आला की आधी जिट बंद करतात, मग चहा. ॲम्स्टरडॅमच्या लोकांनी २००५मध्ये मोनेटडीबी या डेटाबेसच्या एक्स१०० इंजिनात वेगळाच मार्ग धरला: कंपाइल करू नका, एकेका नोंदीऐवजी हजारभर किमतींचा गठ्ठा एकदम हाताळा, अर्थ लावण्याचा खर्च गठ्ठ्यावर वाटला जातो. आजचा डकडीबी त्याच घराण्यातला. पण हे सगळं इंजिन बांधणाऱ्यांचं काम. आपल्याकडे फॉर्मवरचं एक सर्च बटन आहे.

सी नको तर रस्ट घ्या, असा एक सभ्य पर्याय हल्ली निघालाय. पीजीआरएक्स नावाची चौकट आहे, तिच्यात रस्टमध्ये एक्स्टेंशन लिहिता येतं, आणि चुकीच्या पत्त्यावर हात टाकण्याचे बरेच प्रकार कंपाइलरच अडवतो. मी स्वतः कुणाला सांगायचंच झालं तर हेच सांगेन. फरक एवढाच पडेल की चर्चा क्वेरीवरून रस्टवर जाईल आणि संध्याकाळ संपेल.

आणि हे सगळं ठरल्यावर, डिझाइन मंजूर झाल्यावर, कुणालातरी आठवतं की आपला डेटाबेस आपल्या सर्व्हरवर नाहीच. तो भाड्याच्या क्लाउडवर आहे, आणि तिथे फाइल सिस्टिमला हात लावू देत नाहीत. त्यांच्या यादीत असतील ती एक्स्टेंशनं घ्या, स्वतःची डॉट एसओ फाइल विसरा. ॲमेझॉनने २०२२मध्ये ट्रस्टेड लँग्वेज एक्स्टेंशन्स म्हणून एक खिडकी उघडली, पण तिच्यातून विश्वासू भाषाच आत येतात. सी बाहेर उभी.

ज्यांचा सर्व्हर स्वतःचा आहे त्यांची परीक्षा वर्षाने येते. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी निघते, आणि एका आवृत्तीसाठी कंपाइल केलेली फाइल दुसरीत चालत नाही. डेटाबेस फाइल उघडताना तिच्यातला मॅजिक ब्लॉक नावाचा शिक्का पाहतो. आवृत्ती जुळली नाही तर 'विसंगत लायब्ररी' म्हणून परत पाठवतो. पुन्हा कंपाइल करायची, एवढंच. अपग्रेड शनिवारी रात्री ठेवलेलं असतं. स्क्रीनवर तो एरर येतो आणि कॉलवर बोलणी सुरू होतात.

"अरे, याचा सोर्स कुठाय?"

"गिटवर नाहीये, सर. त्याच्या लॅपटॉपवर होता."

"मग त्याला फोन लाव."

"तो गेला ना सर, मार्चमध्ये. कॅनडाला."

"आणि लॅपटॉप?"

"फॉरमॅट करून नवीन जॉइनीला दिलाय, सर. तो म्हणतोय, मी आठवड्याभरात परत लिहून देतो. सीमध्ये."